सर्वांत मोठा दिवस, छत्रीखाली

२१ जूनला मुंबईत सूर्य साधारण सहा वाजून दोन मिनिटांनी उगवतो आणि सात-अठराच्या सुमारास मावळतो. सव्वातेरा तासांचा दिवस! दिसतो मात्र क्वचितच. त्या सुमारास अंधेरीचा सबवे तुंबलेला असतो आणि आपण छत्र्या सांभाळत असतो.

चिन्यांनी या दिवसाचे भरपूर लाड केले. सोंग राजवटीत अधिकाऱ्यांना चक्क तीन दिवस सुट्टी. बायका एकमेकींना रंगीत पंखे आणि पावडरीच्या पुरचुंड्या द्यायच्या. उकाडा नि घाम दोन्हींचा बंदोबस्त. बीजिंगमध्ये आजही या दिवशी नूडल्स खातात, कारण नवा गहू नुकताच घरात आलेला असतो. बादशहा पृथ्वीची पूजा करायचा. त्यासाठी १५३० साली बांधलेली वेदी चौकोनी आहे, कारण पृथ्वी चौकोनी असं ते मानत.

त्यांचं खरं वेड सावलीचं. तेराव्या शतकात ग्वो शौजिंग या खगोलज्ञाने देंगफंगला उंच वेधशाळा उभारून माध्यान्हीची सावली मोजली. त्याच्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं आहे. युरोपचं ग्रेगोरियन कॅलेंडर याच आकड्यावर आलं, पण तीनशे वर्षांनी, १५८२ मध्ये.

सावलीची गंमत आपल्याकडे जास्त आहे. बीजिंगमध्ये दुपारची सावली बारा महिने उत्तरेलाच पडते. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे २१ जूनला सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. ढगांनी कृपा केली तर दुपारी बारा-चाळीसला सोसायटीच्या आवारात उभे राहा: साडेपाच फुटी बोरिवलीकराची सावली दक्षिणेला, जेमतेम पाच इंच! सावली पूर्ण गायब होते ती मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस.

चिन्यांचे वर्षाचे २४ सौर भाग २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. आपली पावसाची नक्षत्रं काही कमी नाहीत. नेमका याच सुमारास सूर्य आर्द्रात जातो, आणि पंचांगात पहिला प्रश्न असतो: नक्षत्राचं वाहन काय? बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर धो धो. हवामान खात्याने इतकी मजेदार भाषा कधी वापरली नाही. चिनी परंपरा सांगते, या दिवसांत हरणांची शिंगं गळतात. आपल्याकडे पावशा 'पेर्ते व्हा' ओरडतो.

वर्सोव्याच्या होड्या मात्र किनाऱ्यावर असतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दक्षिण चिनी समुद्रातही उन्हाळ्यात अशीच बंदी असते.

उत्तरायणाला घाटकोपर-मुलुंडच्या गच्च्या पतंगांनी भरतात, २१ जूनला सुरू होणाऱ्या दक्षिणायनाला कोणी विचारत नाही. अपवाद शेजारच्या गोव्याचा: २४ जूनच्या सांजांव सणाला डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून पोरं विहिरींत उड्या मारतात आणि नव्या जावयाची सासुरवाडीत बडदास्त असते. पाऊस असो वा नसो.