मुकुंदवाडीच्या गच्चीवरून तारे टिपायचे, तर आधी काय घ्यावे?

झगमगाटातही फोटो निघतात. मात्र खरेदीचा क्रम चुकला, की हजारो रुपये माळ्यावर जातात. नवशिक्यांसाठी सोप्या भाषेत.

रात्री दहाला मुकुंदवाडीतल्या एखाद्या गच्चीवर उभे राहावे. पश्चिमेला सिडको आणि जालना रोडचा उजेड, पूर्वेला चिकलठाणा एमआयडीसी आणि विमानतळाचे दिवे. मध्ये राखाडी आकाश आणि मोजके तारे. घरातल्या मुलाने मोबाइलवर तेजोमेघाचा फोटो पाहिलेला असतो आणि त्याला तसाच हवा असतो. मग ‘५२५ पट मोठे दिसेल’ असे खोक्यावर छापलेली दुर्बीण ऑनलाइन मागवली जाते. दोन रात्रींत हिरमोड होतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. हे टाळता येते.

अडचण नेमकी काय आहे?

अमेरिकी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाचा काळोख मोजण्यासाठी १ ते ९ अशी श्रेणी मांडली. १ म्हणजे निखळ काळोख. शहरे ८ आणि ९ मध्ये मोडतात. अशा ठिकाणी आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांना दिसत नाही.

कॅमेऱ्यापुढे वेगळी अडचण असते. ताऱ्याच्या प्रकाशाबरोबर आकाशाचा उजेडही साठतो. शटर जास्त वेळ उघडे ठेवले, तर फोटो पांढुरका होतो. म्हणून शहरात एक लांबलचक फोटो काढत नाहीत; थोड्या सेकंदांचे अनेक फोटो काढून ते संगणकावर एकावर एक रचतात. याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. १०० फोटो रचले, तर एका फोटोच्या तुलनेत चित्र सुमारे १० पट स्वच्छ होते. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही त्यासाठीची सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

पहिली खरेदी कोणती?

मजबूत ट्रायपॉड. हातातला मोबाइल कितीही महाग असला, तरी हात हलतोच. ट्रायपॉडवर मोबाइल लावून, नाइट किंवा प्रो मोडमध्ये आणि टायमर वापरून चंद्र-शुक्राची जोडी, मृग नक्षत्राची आकृती सहज टिपता येते. हा खर्च पुढेही वाया जात नाही.

कॅमेरा घ्यायचा तर कोणता?

लेन्स बदलता येणारा जुना, वापरलेला डीएसएलआर सुरुवातीला पुरेसा आहे. सोबत ५० मिमीची एफ १.८ लेन्स घ्यावी. ती झूम लेन्सपेक्षा स्वस्त असून जास्त प्रकाश आत घेते. विकत घेताना कॅमेऱ्यात ‘रॉ’ फोटो काढता येतो ना, हे तपासावे. रचणीसाठी रॉ फाइल उपयोगी पडते.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे, याचा जुना ठोकताळा असा: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचे. ५० मिमीला १० सेकंद येतात. डीएसएलआरचा सेन्सर छोटा (एपीएस-सी) असेल, तर हे उत्तर पुन्हा दीडने भागावे. म्हणजे साडेसहा सेकंद. प्रत्यक्षात चार सेकंदच ठेवावेत, म्हणजे तारे लांबट होत नाहीत. पृथ्वी फिरत असल्याने तारे तासाला १५ अंश सरकतात, हे त्यामागचे कारण. चार सेकंदांचे ३०० फोटो काढले, की २० मिनिटांचा प्रकाश गोळा झाला.

दुर्बीण कधी?

चंद्राचे खड्डे, शनीची कडी आणि गुरूचे उपग्रह पाहायचे असतील, तेव्हा. हे तेजस्वी आहेत, त्यामुळे शहरी उजेडाचा त्यांना फारसा त्रास होत नाही. ७० मिमी भिंगाची साधी दुर्बीण आणि तिच्यावर मोबाइल धरणारा होल्डर एवढ्यावर चंद्राचा उत्तम फोटो मिळतो.

खोक्यावरच्या ‘पटीं’कडे दुर्लक्ष करावे. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या साधारण दुप्पट ही उपयुक्त मर्यादा असते. ७० मिमीला १४० पट. त्यापुढे चित्र मोठे होते, पण धूसर. लटपटणारा स्टँड असेल, तर चांगले भिंगही निरुपयोगी ठरते.

तेजोमेघांसाठी काय?

येथे दोन वाटा आहेत. पहिली, कॅमेऱ्याखाली बसणारा ‘स्टार ट्रॅकर’. तो ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवतो. त्यासाठी त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. मुकुंदवाडीतून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर दिसतो. उत्तरेला शेजारची चार मजली इमारत असेल, तर तो दिसणारच नाही. म्हणून ट्रॅकर घेण्याआधी गच्चीवरून उत्तर दिशा तपासावी. रोखण्यासाठी हिरवा लेझर मात्र वापरू नये. विमानतळ शेजारीच आहे आणि वैमानिकाच्या डोळ्यांना त्यापासून धोका असतो.

दुसरी वाट ‘स्मार्ट’ दुर्बिणीची. सीस्टार एस ५० सारखे यंत्र स्वतः तारा शोधते, त्याचा माग ठेवते, फोटो रचते आणि मोबाइलवर दाखवते. तिचे भिंग ५० मिमीचे असते. किंमत मोठी, पण स्वतंत्र कॅमेरा, ट्रॅकर आणि दुर्बिणीचा खर्च वाचतो. ग्रहांसाठी मात्र ती कमी पडते.

फिल्टरने उजेड जातो का?

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ठरावीक रंगाचा असल्याने तो गाळता येई. आताचे पांढरे एलईडी सर्व रंगांत पसरतात, त्यामुळे ते फिल्टर फारसे चालत नाहीत. ठरावीक तरंगलांबीच देणाऱ्या तेजोमेघांना ‘ड्युअल बँड’ फिल्टर उपयोगी पडतो. दीर्घिका आणि तारकागुच्छांना नाही.

काय टिपावे?

डोक्यावरचे. तिथे उजेडाचा थर सर्वांत पातळ असतो. हिवाळ्यात कृत्तिका जवळपास माथ्यावर येतात. मृगातला तेजोमेघ दक्षिणेला सुमारे ६५ अंशांवर चढतो. नवशिक्याचे पहिले लक्ष्य तोच असावा. उन्हाळ्यात दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २३ अंशांपर्यंत येतो. लंडनमधून तो क्षितिजावर येतच नाही. इथल्या गच्चीचा हा फायदा.

सूर्याकडे मात्र योग्य सौर फिल्टर पुढच्या भिंगावर बसवल्याशिवाय दुर्बीण किंवा कॅमेरा रोखू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

खरेदीआधी शेवटची पायरी

शहरातच एमजीएमचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. तिथे आकाशनिरीक्षणाची चौकशी करावी, दुर्बिणीला एकदा डोळा लावून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. चंद्र नसलेल्या रात्री कॅमेरा घेऊन म्हैसमाळला गेले, तर त्याच लेन्सने कितीतरी जास्त तारे टिपता येतात. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. काळोखही जपावा लागतो, हे त्यातून दिसते.

तोपर्यंत क्रम लक्षात ठेवावा: आधी ट्रायपॉड, मग लेन्स, नंतर ट्रॅकर किंवा स्मार्ट दुर्बीण. आणि आज रात्री, काहीही न विकत घेता, गच्चीवरचा दिवा बंद करून वीस मिनिटे थांबावे. किती तारे वाढले, ते मोजावे.