शत्रूशीही न्याय : टिळकांचा जामीन आणि न्या. तय्यबजी

ऑगस्ट १८९७ च्या आरंभी लोकमान्य टिळक मुंबईच्या तुरुंगात होते. २७ जुलै रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली होती. पुण्यात प्लेगने घातलेले थैमान, २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर झाडल्या गेलेल्या गोळ्या आणि त्यानंतर अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी टिळकांविरुद्ध उठविलेले काहूर, अशा वातावरणात त्यांना जामीन मिळण्याची आशा थोडीच होती. मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनीही तो नाकारला. खटला सेशन्सकडे सोपविला गेल्यानंतर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. ४ ऑगस्ट रोजी तो न्या. बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यापुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला.

आरोपास कारण झालेला मजकूर कोणता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त पुण्यातील शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त छापून आला होता. अफझलखानाचा वध न्याय्य होता की नव्हता, याची चर्चा त्या उत्सवातील भाषणांत झाली होती आणि सरकारी पक्षाने नेमके त्यावरच बोट ठेवले होते. १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंग्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. त्या दंग्यानंतर ‘केसरी’ची भूमिका आणि सार्वजनिक गणेशोत्सवाचे नवे स्वरूप यांविषयी मुसलमान समाजात नाराजी होती, हे तय्यबजींना ठाऊक नसणे शक्य नव्हते. ते ‘अंजुमन-ए-इस्लाम’च्या संस्थापकांपैकी एक होते. १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेले आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले हे गृहस्थ नेमस्त वृत्तीचे होते. टिळकांच्या राजकारणाचा सूर त्यांच्या सुराशी जुळणारा नव्हता.

तय्यबजींनी मांडलेला मुद्दा साधा होता. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहावा, एवढाच जामिनाचा हेतू. टिळक पळून जातील असे मानण्यास आधार नाही. महिनाभर त्यांना तुरुंगात ठेवले आणि पुढे ते निर्दोष ठरले, तर न्यायाचा हेतूच विफल होईल. शेठ द्वारकादास धरमसी जामीन राहिले आणि टिळक खटल्याच्या तयारीसाठी बाहेर आले.

हा निर्णय इंग्रजी फौजदारी कायद्याखाली दिला गेला. त्यात धर्मशास्त्राचा आधार नव्हता आणि तो असण्याचे कारणही नव्हते. तथापि श्रद्धाळू मुसलमान म्हणून तय्यबजी ज्या परंपरेत वाढले, तिने आपल्या विरोधकाला न्याय देणे हे औदार्य मानलेले नाही. ते कर्तव्य मानले आहे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. औदार्य दाखवावे किंवा न दाखवावे. कर्तव्य टाळले तर तो दोष ठरतो.

कुराणाच्या पाचव्या अध्यायात याविषयी स्पष्ट आज्ञा आहे. एखाद्या जनसमूहाविषयीच्या द्वेषामुळे न्यायापासून ढळू नका, न्याय हाच ईश्वरभीरुतेच्या अधिक जवळचा मार्ग आहे, असा तिचा आशय. त्याच अध्यायात काही वचनांआधी, ज्यांनी मुसलमानांना काबेच्या यात्रेपासून अडविले त्यांच्यावरही अन्यायाने चालून जाऊ नका, असे बजावले आहे. येथे शत्रू काल्पनिक नाही. मक्केच्या ज्या लोकांनी प्रेषितांना व त्यांच्या अनुयायांना घरादारांतून हुसकावून लावले होते, त्यांच्याविषयीच हे सांगितले गेले.

चौथ्या अध्यायातील काही वचनांच्या संदर्भात जुने भाष्यकार मदीनेतील एक प्रसंग सांगतात. एका मुसलमानाने शेजाऱ्याचे चिलखत चोरले. चिलखत पिठाच्या पोत्यात होते आणि पोत्याला भोक होते. वाटेवर पिठाची रेघ उमटत गेली. चोरी अंगाशी येणार असे दिसताच त्याने ते चिलखत एका यहुद्याच्या घरी ठेवले. चोराचे कुळ प्रेषितांकडे गेले. आपला माणूस मुसलमान, आरोप ज्याच्यावर गेला तो यहुदी, तेव्हा आपल्या माणसाची बाजू घ्यावी, अशी त्यांची गळ होती. मदीनेत त्या काळी यहुदी टोळ्यांशी संबंध ताणलेले होते, तेव्हा ही गळ ऐकली जाणे अगदी स्वाभाविक ठरले असते. परंतु जी वचने अवतरली, त्यांनी अपहार करणाऱ्यांची वकिली करण्यास मनाई केली आणि आपला गुन्हा निरपराध्याच्या माथी मारणाऱ्याला दोषी ठरविले. यहुदी निर्दोष सुटला.

चिलखताचीच आणखी एक कथा परंपरेत प्रसिद्ध आहे. खलिफा अलींचे हरवलेले चिलखत एका गैरमुस्लिमाकडे आढळले. वाद काझी शुरैह यांच्यापुढे गेला. अलींनी साक्षीदार म्हणून आपल्या मुलाला पुढे केले. बापासाठी मुलाची साक्ष चालणार नाही, असे काझींनी सांगितले आणि राज्यकर्त्याविरुद्ध निकाल दिला. ही कथा घडली तशीच घडली का, हा इतिहासकारांचा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या काझींच्या प्रशिक्षणात ती आदर्श म्हणून सांगितली गेली, हे अधिक महत्त्वाचे. रागाच्या भरात असलेल्या न्यायाधीशाने निवाडा करू नये, अशी हदीसही आहे.

प्रत्यक्ष व्यवहार या आदर्शाच्या पुष्कळ मागे राहिला, हेही नोंदविले पाहिजे. मुसलमानाविरुद्ध गैरमुस्लिमाची साक्ष बहुतेक शास्त्रकारांनी ग्राह्य मानली नाही. काझी नेमणारा सुलतान असे, आणि सुलतानाला न रुचणारा निकाल देणारे काझी थोडेच निघाले. कुराणाची आज्ञा आणि फिक्हचे नियम यांतील हे अंतर आजचे मुस्लिम अभ्यासकही मोकळेपणाने मांडतात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही न्यायपद्धती येथील मातीत बरीच मिसळली होती. बहामनी आणि आदिलशाही काळात वतनाचा तंटा मजालसीत चाले. तेथे काझी व सरकारी अंमलदार यांच्यासोबत देशमुख, देशपांडे, पाटील आणि बलुतेदारही बसत. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर काझीचा शिक्का आणि कुणब्याचा नांगर शेजारी शेजारी उमटत. मराठी राज्यातही ही पद्धत सुरू राहिली. इन्साफ, कज्जा, फिर्याद, वकील हे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. टिळकांसाठी मागितलेला ‘जामीन’ हा शब्ददेखील मूळचा अरबीच.

न्यायाचे हे कर्तव्य केवळ न्यायासनावर बसलेल्याचे नाही. कुराणाने ते साक्षीदारावरही घातले आहे. साक्ष स्वतःविरुद्ध, आई-बापांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध जात असली तरी ती खरी द्यावी, पक्षकार श्रीमंत की गरीब हे पाहू नये. शहरात वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यांच्या सवयीमुळे या आज्ञेची धार जाणवत नाही. भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या धानपट्ट्यातील गावात ती सहज कळेल. धुरा कुणी सरकवला, बांधीचे पाणी कुणी फोडले, हे शेजाऱ्याने पाहिलेले असते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो कधी भाऊबंद असतो, आणि ज्याच्या बाजूने बोलायचे त्याच्याशी दोन पिढ्यांचे वैर असते. पंचांपुढे खरे सांगून संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जायचे असते. अशा साक्षीची किंमत न्यायाधीशाच्या निर्णयापेक्षा कमी नाही. किंबहुना न्यायाधीशाला पदाचे संरक्षण तरी असते.

टिळकांचा खटला सप्टेंबर १८९७ मध्ये न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी आणि तिघा भारतीयांनी निर्दोष असे मत दिले. अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. जामिनाचा तय्यबजींचा निर्णय त्यांना त्यापासून वाचवू शकला नाही आणि तो त्याचा हेतूही नव्हता. पुढे १९०२ मध्ये तय्यबजींनी मुंबई उच्च न्यायालयाचे हंगामी मुख्य न्यायाधीशपद सांभाळले. १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले आणि न्यायासनावर होते न्या. दिनशा दावर, ज्यांनी ११ वर्षांपूर्वी टिळकांसाठी तय्यबजींपुढे युक्तिवाद केला होता. त्यांनी अर्ज फेटाळला आणि कारणांची चर्चा करण्याचे टाळले. २२ जुलै १९०८ च्या रात्री त्यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ती ऐकण्यापूर्वी टिळकांनी जे उद्गार काढले, त्यांचा फलक १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, उच्च न्यायालयाच्या त्याच दालनाबाहेर बसविण्यात आला. त्याचे अनावरण तत्कालीन मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी केले.