तारेतून संदेश कसा जातो

समीकरण हा शब्द निघाला की निम्मे सभागृह घड्याळाकडे पाहते, हे मला ठाऊक आहे. परंतु आजची दोन समीकरणे एका तारवाल्याने मांडलेली आहेत, आणि ती समजण्यास फळा लागत नाही.

1858 साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश अमेरिकेस पोचायला सुमारे 16 तास लागले. याचे कारण विल्यम टॉमसनने आधीच सांगितले होते. तांबे विजेला अडवते, तो रोध. शिवाय तार, तिच्यावरचे वेष्टण व भोवतालचे पाणी मिळून एक लांबच लांब रांजण होतो. तो भरू लागल्याखेरीज पलीकडे धार लागत नाही, ही धारकता. म्हणून लांबी दुप्पट तर उशीर चौपट. वेग वाढावा म्हणून त्या मुळातच दुबळ्या केबलवर सुमारे 2000 व्होल्टांचा दाब दिला गेला. काही आठवड्यांत ती मुकी झाली.

ऑलिव्हर हेविसाइड हा 1850 साली लंडनमध्ये जन्मला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे न्यूकॅसलला तो तारयंत्र चालवी. 1874 मध्ये नोकरी सोडून त्याने मॅक्सवेलचा ग्रंथ स्वतःच अभ्यासला. कामगाराला फक्त पगार कळतो असे म्हणणाऱ्यांना मी हा माणूस दाखवतो.

टॉमसनच्या हिशेबात त्याने दोन गोष्टी मिळवल्या. एक, स्वप्रवर्तन. भरलेली बैलगाडी हलवायला जड आणि चालू लागली की थांबवायलाही जड. विद्युत्प्रवाहाचे तसेच आहे. दुसरी, वेष्टणातून होणारी गळती. आता तारेचा कोणताही लहानसा तुकडा घ्या. त्यात विजेचा दाब घटतो तो रोधामुळे आणि या जडपणामुळे. प्रवाह घटतो तो गळतीमुळे आणि रांजण भरण्यामुळे. या दोन वाक्यांना गणिताची लिपी दिली की झाली समीकरणे.

त्यांतून 1887 मध्ये त्याने जे काढले ते ऐकून जाणते हसले. रोध भागिले स्वप्रवर्तन हे गळती भागिले धारकता याच्याबरोबर असेल, तर संदेश क्षीण होतो, पण त्याचा आकार बिघडत नाही. टेलिफोनवर आवाजातले उंच व खालचे सूर सारख्याच प्रमाणात मंदावतात आणि एकाच वेळी पोचतात, म्हणून बोलणे ओळखू येते. प्रत्यक्ष तारेत स्वप्रवर्तन फार कमी पडते. तेव्हा ते मुद्दाम वाढवा, असे त्याचे म्हणणे. ब्रिटिश टपालखात्यातील विजेचे बडे अधिकारी विल्यम प्रीस स्वप्रवर्तनाला शत्रू मानत. त्यांनी हेविसाइड बंधूंचा निबंध अडवला. माझ्या मते हा अधिकाराचा प्रश्न होता, शास्त्राचा नव्हे.

1900 साली अमेरिकेत मायकेल प्युपिनला, तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवून हेच साधण्याचे पेटंट मिळाले. टेलिफोन कंपनीने त्याला मोठी रक्कम दिली. हेविसाइडला 1896 पासून सरकारी निवृत्तिवेतन होते, वर्षाला 120 पौंड.