पहाटेची हाक आणि लोकलमधला खजूर

सहेरीची वेळ झाली की भिवंडीच्या जुन्या मोहल्ल्यांत आजही कुणीतरी हाक देत जातो. ज्या घरात दिवा दिसत नाही, त्या घराची कडी वाजते. मुंब्रा, कौसा किंवा मीरा रोडच्या उंच इमारतींत हे काम बहुधा मोबाइलचा गजर करतो. रोजा तोच, नमाज तीच. शेजाराची रीत मात्र वेगळी.

त्याचे कारण पोटापाण्यात आहे. कामवारी नदीकाठचे भिवंडी हे खाडीच्या वाटेने भात आणि लाकडाचा व्यापार करणारे जुने गाव. कोकणी मुस्लिम इथले मूळ रहिवासी. एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातले पद्मशाली आले. हातमागांच्या जागी यंत्रमाग आले. मराठी, कोकणी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू एकाच बाजारात नांदू लागल्या. काम आणि घर चालत जाण्याइतके जवळ, त्यामुळे मगरिबच्या अजानला माणूस आपल्या गल्लीत पोहोचतो. घरापासून दूर राहणारा कामगार बिसीत जेवतो. रमजानमध्ये बिसीची चूलही पहाटेआधी पेटते.

उपनगराचे घड्याळ लोकलच्या वेळापत्रकावर चालते. इफ्तारची वेळ अनेकदा दोन स्थानकांच्या मध्येच गाठते. मग डब्यात कुणी खजूर पुढे करतो, कुणी पाण्याची बाटली. देणारा कोण, घेणारा कोण, हे कुणी विचारत नाही. ही माणुसकी खरीच. पण पुढच्या स्थानकावर दोघे दोन दिशांना जातात.

ओळखीची किंमत भिवंडीला फार मोठी मोजावी लागली. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी हे शहर होरपळले. एकत्र राहणे म्हणजे एकमेकांना ओळखणे नव्हे, हे तेव्हा कळले. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसोबत नियमित बसू लागली. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याच दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबे बिऱ्हाड उचलून मुंब्र्यात आली. तिथला शेजार असा भीतीतून जमला. प्रत्येक मजल्यावर ओळख नव्याने करावी लागली.

आता भिवंडीही बदलते आहे. अनेक माग भंगारात गेले, शहराभोवती गोदामे उठली, बैठ्या घरांच्या जागी मजले चढले. बंद दारांची सवय इथेही येते आहे.

शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणारा खरा मोमिन नव्हे, ही पैगंबरांची शिकवण. शेजारी उपाशी आहे की नाही, हे कळायला आधी त्याचे दार ठोठावावे लागते. भिवंडीच्या गल्लीत ते पहाटेच्या हाकेने होते. इमारतीत इफ्तारची झाकलेली थाळी वरच्या मजल्यावर, मग तो कुणाही धर्माचा असो, नेऊन दिली तरी ओळखीची सुरुवात होते. रमजानचे तीस दिवस त्यासाठी पुरेसे आहेत.