थोरियम: दूध भरपूर, विरजण तुटपुंजे

केरळात चवरा आणि तमिळनाडूत मनवळकुरिची इथल्या किनाऱ्यांवर काळसर, जड वाळू सापडते. इल्मेनाइटच्या काळ्या दाण्यांत मोनाझाइटचे मधासारखे पिवळसर कण मिसळलेले असतात आणि त्या कणांत साधारण ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते. देशातल्या मोनाझाइटचा अंदाज १ कोटी टनांच्या वर जातो. म्हणजे थोरियम ऑक्साइड सुमारे १० लाख टन. हा आकडा वाचला की कुणाच्याही मनात येते, एवढे इंधन पायाखाली असताना आपण युरेनियम बाहेरून का आणतो? प्रश्न कळकळीचा आहे, पण त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. थोरियम हे आहे त्या स्वरूपात इंधनच नाही. जुनी पेट्रोमॅक्स आठवा. तिच्या मेंटलची ती पांढरी, बोट लावताच चुरा होणारी जाळी थोरियम ऑक्साइडची असे. उजेड जाळीचा पडायचा, पण जळायचे ते रॉकेल. अणुभट्टीतही थोरियम स्वतःहून पेटत नाही.

याचे कारण अणूच्या गाभ्यात आहे. युरेनियम-२३५ वर न्यूट्रॉन आदळला की तो अणू फुटतो, ऊर्जा देतो आणि आणखी न्यूट्रॉन सोडतो. साखळी चालू राहते ती त्यांच्यामुळे. थोरियम-२३२ न्यूट्रॉन गिळतो, त्याचे आधी प्रोटॅक्टिनियम-२३३ होते आणि मग, २७ दिवसांच्या अर्धायुष्याने, युरेनियम-२३३. हे मात्र उत्तम इंधन आहे. म्हणजे थोरियम हे दूध आणि युरेनियम-२३३ हे दही. विरजणाचे न्यूट्रॉन आधी दुसऱ्या कुणाकडून तरी आणावे लागतात. घरी चमचाभर विरजण पुरते, इथे ते टनांनी लागते. निसर्गात हे विरजण एकच, युरेनियम-२३५, आणि तेही १ टन नैसर्गिक युरेनियमात जेमतेम ७ किलो. म्हणून आपल्याकडचा तुटवडा थोरियमचा नाही, विरजणाचा आहे.

होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेला तीन टप्प्यांचा कार्यक्रम याच अडचणीतून निघाला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमावर जड पाण्याच्या अणुभट्ट्या चालवायच्या आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचे. दुसऱ्यात ते प्लुटोनियम जलद प्रजनक अणुभट्टीत घालून वाढवायचे. थोरियमची खरी पाळी तिसऱ्या टप्प्यात. यावर हमखास आक्षेप येतो, की मधला टप्पा गाळून प्लुटोनियम आणि थोरियम आजच एकत्र का घालू नये? घालता येते, पण हिशेब पाहा. जड पाण्याच्या अणुभट्टीतल्या १ टन वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम मिळते ३ ते ४ किलो. कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रजनक अणुभट्टीला पहिल्या भरणीसाठी ते सुमारे २ टन लागते. म्हणजे साडेपाचशे-सहाशे टन वापरलेले इंधन, एका भट्टीसाठी. एवढे मोलाचे विरजण थोरियमात घातले तर पुढे ते फारसे वाढत नाही. अमेरिकेत शिपिंगपोर्ट इथे १९७७ ते १९८२ अशी पाच वर्षे थोरियम आणि युरेनियम-२३३ वर वीज तयार झाली. अखेरीस मोजले तेव्हा विखंडनक्षम इंधन सुरुवातीपेक्षा दीड टक्क्याहूनही कमी वाढलेले होते. चालू भट्टी चालू ठेवायला ते पुरते, पण नव्या भट्ट्यांची रांग उभी करायला नाही. परदेशातून समृद्ध युरेनियम आणून त्यासोबत थोरियम वापरण्याचा मार्गही आहे, मात्र मग ज्या परावलंबनातून सुटायचे ते तसेच राहते.

बड्या देशांनी थोरियम दडपले, या समजुतीलाही शिपिंगपोर्टच उत्तर देते. जर्मनीनेही थोरियमवरची भट्टी चालवून पाहिली. युरेनियम मुबलक आणि स्वस्त मिळत गेले, म्हणून ती वाट मागे पडली. चीनने गान्सू प्रांतात वितळलेल्या क्षारांची प्रायोगिक भट्टी सुरू केली आहे. तिची औष्णिक क्षमता २ मेगावॅट. ते काम महत्त्वाचे आहे, पण वितळलेल्या क्षारांच्या रचनेचे गुण अनेकदा थोरियमच्या नावावर जमा केले जातात. त्या रचनेत युरेनियमही चालते. आणि सुरक्षिततेचे म्हणाल तर कोणतीही भट्टी बंद केल्यावर उरणारी उष्णता काढत राहावेच लागते.

कचरा होत नाही आणि बॉम्ब बनत नाही, हे दोन दावे मला सर्वांत घातक वाटतात, कारण ते लोकांना बेसावध करतात. युरेनियम-२३३ फुटले तरी सीझियम आणि स्ट्रॉन्शियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये तयार होतातच. प्लुटोनियमसारखी जड, दीर्घायुषी मूलद्रव्ये बरीच कमी होतात, हा फायदा खरा आहे. बॉम्बचे म्हणाल तर अमेरिकेने १९५५ च्या एका चाचणीत युरेनियम-२३३ वापरले होते. त्यासोबत तयार होणाऱ्या युरेनियम-२३२ च्या साखळीतून भेदक गॅमा किरण निघतात, त्यामुळे चोरी अवघड होते. पण त्याच किरणांमुळे इंधन जाड भिंतींआड, दूरनियंत्रित यंत्रांनी हाताळावे लागते आणि खर्च चढतो. वाळू स्वस्त म्हणून वीज स्वस्त, हे गणित इथेच कोसळते. तशीही अणुविजेच्या दरात कच्च्या युरेनियमचा वाटा लहान असतो. मोठा खर्च भट्टी उभारण्याचा.

मग थोरियम सोडून द्यावे का? मुळीच नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात थोरियमच्या कांड्या भट्टीत ठेवून युरेनियम-२३३ वेगळे काढण्याचे काम झाले आहे. त्या इंधनावरची ‘कामिनी’ ही छोटी भट्टी कल्पक्कमला १९९६ मध्ये सुरू झाली. तिची औष्णिक क्षमता ३० किलोवॅट. हे ज्ञान कष्टाने मिळवलेले आहे आणि ते जपायलाच हवे. पण वेळापत्रक ठरवणार आहे तो दुसरा टप्पा. कल्पक्कमच्या प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि गाभा भरण्याच्या कामाला सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडला. तेव्हा थोरियमच्या साठ्याची बातमी पुन्हा वाचाल, तेव्हा एवढेच विचारा: प्लुटोनियम किती साठले, आणि पुढची प्रजनक भट्टी कधी?