अहवालाची वाट पाहताना : आजारपणाचे भय आणि ख्रिस्ताची शांती

डॉक्टरांनी एखाद्या गाठीची बायोप्सी करावयास सांगितली, छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला, किंवा हृदयाच्या तपासणीनंतर 'आणखी एक चाचणी करून घेऊ' असे शब्द कानी पडले, की त्या क्षणापासून अहवाल हाती येईपर्यंतचा काळ फार कठीण असतो. रोग आहे की नाही हे ठाऊक नसते. भय मात्र घरात येऊन बसलेले असते. अशा दिवसांत आपली श्रद्धा आपणांस काय देऊ शकते, आणि तिच्याकडून काय अपेक्षू नये, याचा आपण थोडा विचार करू या.

भय म्हणजे अश्रद्धा नव्हे

'मी इतकी वर्षे मिस्सा चुकवली नाही, रोज रोजरी म्हणतो, तरीही मला भीती का वाटते?' असा प्रश्न अनेक भाविकांना छळतो. त्याचे उत्तर गेथशेमाने बागेत आहे. आपल्या मरणाच्या आदल्या रात्री प्रभू येशू व्याकूळ झाला, असे संत मार्क स्पष्टपणे नमूद करतो. त्याने तो प्याला दूर करण्याची विनंती पित्याकडे केली. संत मत्तय सांगतो की, त्याने त्याच शब्दांत पुन्हा, तिसऱ्यांदाही प्रार्थना केली. आणि तो एकटा राहिला नाही. पेत्र, याकोब व योहान यांना जवळ घेऊन, माझ्यासोबत जागे राहा असे त्याने त्यांना सांगितले.

यातून आपणांस तीन गोष्टी समजतात. भय वाटणे हे पाप नाही. तीच प्रार्थना पुनःपुन्हा करण्यात कमीपणा नाही. आणि संकटात सोबत मागणे ही दुर्बलता नाही. आपल्याकडे पुष्कळ माणसे, विशेषतः घरातील कर्ते पुरुष व माता, 'मुलांना उगाच काळजी नको' म्हणून आपला घोर मनातच ठेवतात. निदान एका जिवलग माणसाला आणि आपल्या धर्मगुरूंना विश्वासात घ्यावे. रोजरीच्या दुःखाच्या रहस्यांतील पहिले रहस्य याच बागेतील वेदनेचे आहे. अहवालाची वाट पाहणाऱ्याने त्या रहस्यावर मनन करावे.

शांती म्हणजे काय?

संत पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो की, चिंतेत गुरफटून न जाता आपल्या मागण्या आभारप्रदर्शनासह देवापुढे मांडाव्यात. म्हणजे देवाची शांती आपल्या अंतःकरणाचे रक्षण करील. येथे त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. नगराच्या वेशीवर शिपाई उभा असावा तशी ही शांती मनाच्या दारात उभी राहते. बाहेर संकट नाही, असे पौल म्हणत नाही. आत पहारा आहे, एवढेच तो सांगतो.

म्हणूनच ख्रिस्ती शांती ही अहवाल 'चांगला' येण्यावर अवलंबून नसते. 'माझी श्रद्धा पक्की आहे, तेव्हा मला काही होणार नाही', असे मानणारा मनुष्य अहवाल विपरीत आल्यास दुहेरी खचतो; आरोग्य गेले आणि देवानेही सोडले, असे त्याला वाटते. लिझ्यूची संत तेरेजा हिचे उदाहरण येथे बोलके आहे. १८९६ साली पवित्र गुरुवारच्या मध्यरात्रीनंतर तिच्या तोंडून प्रथमच रक्त आले. त्यानंतर लवकरच, पास्काच्या दिवसांत, तिच्या अंतःकरणात श्रद्धेचा अंधार दाटून आला व तो अखेरपर्यंत राहिला. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, क्षयाने तिचे निधन झाले. त्या अंधारात तिने प्रेषितांचा विश्वासांगिकार स्वहस्ते लिहून हृदयाशी बाळगला होता. भावना साथ देत नसतानाही देवाचा हात न सोडणे, हीदेखील शांतीच होय.

औषध की प्रार्थना?

हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. जुन्या करारातील बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास शिकवतो. वैद्य व औषधी दोन्ही देवानेच निर्माण केल्या आहेत, म्हणून आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, असा त्याचा आशय आहे. बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत भाविक मेणाचे हात, पाय अर्पण करतात. ती श्रद्धेची सुंदर खूण आहे. परंतु नवस बोललो म्हणून तपासणी पुढे ढकलणे हे देवावर भरवसा ठेवणे नसून त्याची परीक्षा पाहणे आहे. अनेक रोगांत वेळेवर झालेले निदानच जीव वाचवते.

'शेवटचे तेल' नव्हे

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाविषयी आपल्या धर्मग्रामांत आजही मोठा गैरसमज आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता आशा संपली, असे समजून कुटुंबीय त्यांना बोलावण्याचे टाळतात. आणि बोलावतात तेव्हा आजारी पुष्कळदा बेशुद्ध असतो. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र आजाऱ्याने स्वतः ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलावण्याची सूचना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली स्पष्ट केले की, हा साक्रामेंत केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली त्याचा सुधारित विधी घालून दिला. त्यानुसार धर्मगुरू आजाऱ्याच्या कपाळावर व हातांवर पवित्र तेल लावून प्रार्थना करतात.

गंभीर आजाराचे निदान झाले असता, अशा आजारासाठी शस्त्रक्रिया होण्यापूर्वी, तसेच वार्धक्याने शक्ती क्षीण झाली असता हा संस्कार घेता येतो. बरे झाल्यावर पुन्हा गंभीर आजार उद्भवल्यास, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडल्यास तो पुन्हाही घेता येतो. किरकोळ दुखण्यासाठी मात्र तो नाही. मरणासन्न व्यक्तीचा खरा अखेरचा साक्रामेंत म्हणजे ख्रिस्तप्रसाद, अंतिम प्रवासाची शिदोरी. ज्यांचा अहवाल अद्याप यावयाचा आहे, त्यांच्यासाठी पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद यांचे द्वार सदैव उघडे आहे.

आजारी माणूस एकटा नाही

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जागतिक रुग्ण दिनाची स्थापना केली. लूर्द मातेच्या सणादिवशी, ११ फेब्रुवारीस, तो पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांना २०२५ साली दोन्ही फुप्फुसांच्या न्यूमोनियामुळे ३८ दिवस रुग्णालयात काढावे लागले. घरी परतल्यावर, ६ एप्रिल रोजी, रुग्णांच्या जुबिली मिस्साच्या अखेरीस ते नाकाला प्राणवायूची नळी लावूनच संत पेत्राच्या चौकात आले. दुर्बल होणे व इतरांवर अवलंबून राहणे हा अनुभव आपणही घेत आहोत, असे त्यांनी त्या दिवशीच्या प्रवचनातून रुग्णांना कळवले. त्याच महिन्याच्या २१ तारखेस त्यांचे देहावसान झाले. प्रार्थना व्यर्थ गेल्या काय? नाही. दुखणे लपवून न ठेवता ते देवाच्या प्रजेसमवेत कसे वाहावे, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्या शेजारी कोणी अहवालाची वाट पाहत असेल, तर 'काही होणार नाही' असे पोकळ आश्वासन देऊ नये. रुग्णालयात सोबत जावे, घरी जेवणाचा डबा पोहोचवावा, रात्री त्याच्या कुटुंबासमवेत माळेची एक दहाकी म्हणावी. गेथशेमानेत शिष्यांना झोप लागली. आपण जागे राहू या.