चित्रातला वळू आणि आपल्या दावणीची जनावरं

शेतकरी बंधूंनो, बाजारात खोंड घ्यायला गेलात तर आधी काय बघता? दात, शिंगं, पाय, पाठ. आज एका चित्रातला वळू असाच पारखू. वशिंड मात्र शोधू नका, युरोपातल्या गुरांना ते नसतं.

हे चित्र हॉलंडमधलं. पाउलुस पॉटर या विशीतल्या चित्रकाराने १६४७ साली काढलं. सध्या ते हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. उंची पावणेआठ फूट, रुंदी अकरा फूट! एवढा कॅनव्हास त्या काळी राजे-सरदार, लढाया किंवा धर्मकथा यांच्यासाठी असायचा. पॉटरने तो वळूला दिला. शेजारी बसलेली गाय, मेंढरं, झाडाआड गुराखी. पाठीवर माश्या घोंगावताहेत, खाली शेणसुद्धा आहे.

जनावराला एवढा मान का? डच लोकांनी पवनचक्क्यांनी पाणी उपसून तळी कोरडी केली. बेमस्टर हे मोठं तळं १६१२ मध्ये कोरडं झालं. ओल्या जमिनीत गवत माजलं, गवतावर गाई पोसल्या, लोणी आणि चीज परदेशी गेलं. त्यामुळे गाय म्हणजे देशाची बरकत, अशी खूणच पडली. त्या काळच्या राजकीय चित्रांत तर गाय म्हणजे खुद्द देश. कोणी तिला चारतो, कोणी पिळतो. १६४८ मध्ये स्पेनशी तह होऊन ऐंशी वर्षांचं युद्ध संपलं. त्याच्या आदल्या वर्षीचा हा वळू कित्येक अभ्यासकांना त्या भरभराटीचं प्रतीक वाटतो.

आता पारख. आदत, दुसा की चौसा? जाणकार सांगतात, याची शिंगं, दात आणि अंग एका वयाचं नाही. वेगवेगळी जनावरं पाहून चित्रकाराने हा एक वळू जुळवला.

कुंचल्याला ते जमतं, गोठ्यात जमत नाही. तिथं पिढ्या लागतात. आपल्याकडे संकरासाठी वापरलेली होल्स्टीन फ्रिजियन ही त्याच मुलखातली जात. रेतन करून घेताना आपण वळूच्या आईचं दूध विचारतो, ते बरोबरच आहे. पण चित्रात वळूच्या मागे नजर टाका. दूरवर हिरवं कुरण आहे, त्यात गाई चरताहेत. आधी पाणी, मग गवत, मग जनावर, हा तिथला क्रम.

तेव्हा पुढच्या वेळी भारी वळूचं रेतन मागण्याआधी एवढं बघा, बांधावर हिरवी वैरण किती गुंठे आहे?